मंद आचेचे नवे यंत्र : घ्यावे काय, आणि कोणते?

स्वयंपाकघरात नवे यंत्र येऊ घातले, की आपल्या जुन्या घरांतून दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, "चुलीवर शिजलेले खाऊन चार पिढ्या जगल्या, त्यांचे काय अडले?" दुसरा म्हणतो, "जग कोठे गेले आणि आपण कोठे बसलो आहोत!" वातीचा स्टोव्ह आला तेव्हा हा वाद झाला. १९५९ साली मुंबईत हॉकिन्सची कंपनी निघाली आणि पुढे प्रेशर कुकर घरोघर पोचला, तेव्हाही झाला. मिक्सरने पाट्या-वरवंट्याला कोपऱ्यात बसविले, तेव्हा तर फारच झाला. हल्ली लष्करातल्या ओळखीच्या घरी मी तो पुन्हा ऐकतो आहे. या खेपेस वादाचा विषय आहे 'सू वीद' या फ्रेंच नावाने ओळखली जाणारी शिजविण्याची पद्धत आणि तिचे विजेवर चालणारे यंत्र.

माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. दोन्ही पक्ष यंत्राविषयी भांडतात, आणि खरा प्रश्न उष्णतामानाचा आहे. तो एकदा नीट समजला, की कोणते यंत्र घ्यावे, त्यात किती पैसे घालावेत आणि मुळात ते घ्यावे की नाही, याची उत्तरे फार सोपी होतात. आणि ती उत्तरे स्वस्त आहेत.

'सू वीद' म्हणजे 'निर्वाताखाली'. पदार्थ पिशवीत घालावा, आतली हवा काढून टाकावी आणि ती पिशवी ठरावीक उष्णतामानाच्या पाण्यात ठरावीक वेळ ठेवावी, एवढीच ही कृती. १९७४ साली फ्रान्समधील रोआन गावच्या त्रवाग्रो बंधूंच्या प्रख्यात उपाहारगृहासाठी जॉर्ज प्रालूस या आचाऱ्याने हंसाचे यकृत असे शिजविले. कारण नेहमीच्या रीतीने ते शिजविताना त्यातले स्निग्ध वितळून वजन फार घटत असे. त्याच सुमारास ब्रूनो गूसो या शास्त्रज्ञाने मांस कमी उष्णतामानावर दीर्घकाळ शिजविण्याचे शास्त्र बांधले आणि पुढे अनेक नामांकित आचाऱ्यांना ते शिकविले. परंतु मूळ कल्पना त्याहून जुनी. उष्णतेच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध असलेल्या काउंट रम्फर्डने अठराव्या शतकाच्या अखेरीस बटाटे वाळविण्याच्या यंत्रात मेंढ्याचा खांदा रात्रभर ठेवून पाहिला, आणि सकाळी तो अतिशय मऊ व रुचकर झालेला आढळला, असे त्यानेच लिहून ठेवले आहे.

आपल्याकडे तरी हे अगदी नवे कोठे आहे? मणिकर्णला जाऊन आलेल्यांनी तेथल्या उकळत्या कुंडात फडक्यात बांधून सोडलेले तांदूळ पाहिले असतील. आणि त्याहून जवळचे उदाहरण म्हणजे आपल्या चुलीचा वैल. मुख्य जाळावर भाकरी चाले आणि शेजारच्या वैलावर आमटीचे, दुधाचे किंवा मटणाचे पातेले तासन् तास बसलेले असे. त्याला उकळी फुटू द्यायची नाही आणि ते थंडही होऊ द्यायचे नाही, ही घरच्या बाईची विद्या. लाकूड कोणते, ते किती मागे ओढायचे, झाकणावर चार निखारे ठेवायचे की नाही, हे तिला हातानेच कळे. गॅस आला आणि ही विद्या गेली. गॅसची शेगडी कितीही बारीक केली, तरी पातळ बुडाच्या पातेल्यात रस्सा उकळतोच. आणि कुकरला तर मंदपणा ठाऊकच नाही. त्याच्या आत सुमारे १२० अंशांची वाफ असते. डाळीला ती वरदान आहे, पण बोकडाच्या मांडीचे त्या वाफेत धागे होतात, आणि ते धागे रश्शात बुडवून आपण 'मटण छान शिजले' म्हणतो. आपल्या घरांतून हरवलेली चव मसाल्याची नाही, कारण मसाल्याचे कागद अजून जपून ठेवलेले आहेत. हरवली आहे ती आच.

आता थोडे शास्त्र. मांसात दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक तंतू आणि दुसरी त्यांना बांधणारी चिवट जाळी, जिला कोलॅजन म्हणतात. तंतूंतील प्रथिने ५० अंशांपासून आवळू लागतात, आणि ६५-७० च्या पुढे ती इतकी आवळतात की रस बाहेर पिळला जातो. कोलॅजन मात्र ५५-६० अंशांवर अगदी हळू आणि ७० च्या वर भराभर विरघळून जिलेटिन होते. म्हणजे रस राखायचा तर आच कमी हवी, चिवटपणा घालवायचा तर वेळ जास्त हवा. अंड्याचे गणित याहूनही नाजूक आहे. पिवळा बलक ६५ अंशांच्या आसपास दाट होतो, पण पांढऱ्यातले मुख्य प्रथिन घट्ट व्हायला ८० अंश लागतात. म्हणूनच ६३-६४ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवलेल्या अंड्याचा बलक बासुंदीसारखा लागतो. भाज्यांचे पेक्टिन ८३-८५ अंशांच्या खाली मऊ होत नाही. आणि विरजणाला लागतात ४२-४३ अंश. ग्वाल्हेरच्या पौषात घोंगडीत गुंडाळलेले दही का लागत नाही, याचे सारे उत्तर या एका आकड्यात आहे.

हे आकडे पाहिले, की यंत्र निवडण्याची पहिली किल्ली हाती येते. पाश्चात्त्य घरांत हे यंत्र मुख्यतः गुलाबी मांसखंडासाठी घेतात. ५४ अंश की ५६, यावर तेथे रसिकांचे मतभेद होतात, आणि म्हणून तेथल्या जाहिराती अंशाच्या दहाव्या भागापर्यंतच्या अचूकतेचा डंका पिटतात. आपल्याला गुलाबी मटण खायचे नाही. आपल्या मटणाला ७५ अंश आणि दहा-बारा तास चालतात. ते ७४ झाले किंवा ७६ झाले, तरी जेवणाऱ्याला कळणार नाही. अंडे सोडले तर आपल्या कोणत्याच पदार्थाला अर्ध्या अंशाहून अधिक बारकावा लागत नाही. तेव्हा ज्या अचूकतेसाठी महाग यंत्राची किंमत मोजायची, ती आपल्या उपयोगाचीच नाही. मधल्या किमतीचे साधे यंत्र आपल्याला पुरून उरते.

या यंत्रांच्या किमतीही कशा उतरत आल्या, ते पाहण्यासारखे आहे. आरंभी आचाऱ्यांनी प्रयोगशाळांतली पाणी तापविण्याची उपकरणे उचलून आणली, आणि ती घरगुती माणसाच्या आवाक्यातली नव्हतीच. २००९ साली अमेरिकेत घरासाठी पेटीसारखे यंत्र निघाले, त्याची किंमत सुमारे साडेचारशे डॉलर. पुढे पाच वर्षांत पातेल्याच्या काठाला अडकविण्याचे दांड्यासारखे यंत्र, ज्याला सर्क्युलेटर म्हणतात, ते दोनशे डॉलरच्या आत आले. तेच आता वेगवेगळ्या नावांनी आपल्याकडेही मिळते. त्यात असते काय? पाणी तापविणारी कांडी, पाणी फिरविणारा छोटा पंखा, उष्णतामान मोजणारा काटा आणि हे तिन्ही सांभाळणारे नियंत्रण. एवढेच. उरलेले सारे शोभेचे.

परंतु मी कोणालाही पहिल्याच दिवशी सर्क्युलेटर घ्या, असे सांगणार नाही. पहिली खरेदी असावी चांगल्या अंकी थर्मामीटरची. तो घरी आणल्यावर वितळत्या बर्फाच्या पाण्यात बुडवून पाहावा, शून्य दाखवावे. मग उकळत्या पाण्यात. आपले गाव समुद्रसपाटीपासून सुमारे दोनशे मीटर उंच, तेव्हा शंभराला किंचित कमी दाखवावे. ही परीक्षा जो उतरत नाही, तो दुकानदाराला परत द्यावा. दुसरे साधन बहुतेक घरांत असतेच, ते म्हणजे सहलीला नेण्याची जाड भिंतींची बर्फाची पेटी. जी पेटी थंडी आत ठेवते, ती ऊबही आत ठेवते. जे. केंजी लोपेझ-ऑल्ट या अमेरिकन पाकशास्त्रलेखकाने २०१० साली हीच युक्ती लोकप्रिय केली. हवे त्याहून दोन-तीन अंश गरम पाणी पेटीत भरावे, पिशवी सोडावी, झाकण लावावे. अंडी आणि माशाचे तुकडे यांसाठी तास-दीड तास ही पेटी पुरते. मटणाच्या दहा तासांसाठी मात्र ती मुळीच वापरू नये, कारण पाणी निवत जाते आणि निवत्या पाण्यातले मांस धोक्याचे.

एक महिना असा घालवावा. महिन्याभरात घरच्यांनी पेटी चार वेळा बाहेर काढली, तर यंत्र घेण्यात अर्थ आहे. एकदाच काढली, तर थर्मामीटरवरच थांबावे. तो दह्यापासून पाकापर्यंत सगळीकडे उपयोगी पडतोच. ज्यांना हातोटी आहे, ते साध्या भाताच्या विजेच्या कुकरला बाहेरून थर्मोस्टॅट जोडूनही काम भागवितात. परंतु पाणी, वीज आणि उघडी जोडणी एकत्र येते तेथे माहीतगार वायरमन हवा. वृद्ध माणसे एकटी राहतात त्या घरी हा खटाटोप करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्क्युलेटर घ्यायचाच ठरला, तर काय पाहावे? आमच्या एका वहिनींनी मला परवा विचारले, "भावजी, नातू म्हणतो अमेरिकेतून घेऊन येतो. आणू देऊ का?" मी म्हटले, "वहिनी, नातू अवश्य येऊ दे. यंत्र येथेच घ्या." कारण अमेरिकेतली वीज १२० व्होल्टांची आणि आपली २३० ची. तेथले यंत्र येथल्या भिंतीत खोचले, की धूर निघण्याचीच शक्यता फार. मधे ट्रान्सफॉर्मर घालावा म्हटले, तर हजार वॉटचा भार सोसणारा ट्रान्सफॉर्मर जड आणि महाग पडतो. तेव्हा यंत्रावर २३० व्होल्ट लिहिलेले स्वतःच्या डोळ्यांनी वाचावे, आणि बिघडल्यास दुरुस्त कोण करणार, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे.

दुसरी गोष्ट शक्तीची. हिशेब शाळेतलाच आहे. दहा लिटर पाणी हिवाळ्यात १० अंशांवरून ६० पर्यंत न्यायला सुमारे ०.५८ युनिट वीज लागते. हजार वॉटच्या यंत्राला त्यासाठी ३५ मिनिटे, पाचशे वॉटच्याला त्याच्या दुप्पट. म्हणजे आठशे ते हजार वॉट पुरेत; त्याहून मोठे यंत्र मेजवान्या घालणाऱ्याने घ्यावे. गिझरचे किंवा बंबाचे गरम पाणी आधीच भरले, तर तेवढीही वाट पाहावी लागत नाही. पातेल्याला झाकण मात्र हवेच, कारण उष्णता मुख्यतः वाफेवाटे जाते आणि रात्रभरात पाणीही आटते. पाणी खाली गेले की आपोआप बंद पडणारेच यंत्र घ्यावे. आणि ज्यांच्याकडे कूपनलिकेचे जड पाणी आहे, त्यांनी कांडीवर बसणारे क्षार अधूनमधून पाण्यात व्हिनेगर घालून काढावेत.

तिसरी गोष्ट बटणांची. आज अनेक यंत्रे मोबाइलवरून चालतात. यंत्रावरच बटणे आणि आकडे असतील, तर मोबाइलची सोय असो वा नसो. पण जे यंत्र मोबाइलवाचून चालूच होत नाही, ते घेऊ नये. २०२४ साली एका प्रसिद्ध कंपनीने आपल्या ॲपसाठी नव्या ग्राहकांकडून वर्गणी घेण्याचे जाहीर केले आणि जुन्या यंत्रांची मोबाइलशी असलेली जोडणी पुढल्या वर्षी बंद करण्याचेही ठरविले. ज्यांच्या यंत्रावर बटणे होती, त्यांचे काम चालू राहिले. पितळेचे पातेले पन्नास वर्षांनी आपल्याकडे वर्गणी मागत नाही. यंत्रानेही मागू नये.

उरला प्रश्न पिशवीतली हवा काढण्याच्या व्हॅक्युम सीलरचा. नाव 'निर्वाताखाली' असले, तरी घरी निर्वाताची गरज नाही. जाड झिपच्या पिशवीत पदार्थ घालावा, तोंड थोडे उघडे ठेवून पिशवी हळूहळू पाण्यात उतरवावी. पाण्याच्या दाबानेच हवा वर निघून जाते, मग तोंड बंद करावे. पिशवी मात्र अन्नासाठी बनविलेली आणि उष्णता सोसणारी हवी. भाजीवाल्याची पातळ पिशवी नव्हे. ज्यांना प्लॅस्टिक नकोच, आणि त्यांचे म्हणणे मला समजते, त्यांनी काचेच्या बरण्या वापराव्यात. दह्याला बरणी पिशवीहून चांगली. आणि अंड्याला निसर्गाने कवच दिलेलेच आहे.

आता सर्वांत गंभीर भाग. मंद आच आणि अर्धवट आच यांत जीवनमरणाचा फरक आहे. रोगजंतू साधारण ५ ते ५४ अंशांच्या दरम्यान वाढू शकतात. म्हणून ५५ अंशांखाली कोणताही पदार्थ तासन् तास ठेवू नये. अपवाद दह्याचा, कारण तेथे वाढणारे जंतू आपणच घातलेले असतात आणि ते आंबटपणाने इतरांना रोखतात. कोंबडी ७४ अंशांवर लगेच निर्धोक होते. ६० अंशांवर तिच्या अगदी गाभ्याने ते उष्णतामान गाठल्यानंतर आणखी सुमारे ३५ मिनिटे लागतात. तुकड्याची जाडी दुप्पट झाली, की गाभा तापायला सुमारे चौपट वेळ लागतो, हे विसरू नये. शिजलेली पिशवी उद्यासाठी ठेवायची, तर बर्फाच्या पाण्यात चटकन गार करून मगच शीतकपाटात ठेवावी. हवाबंद पिशवी ओट्यावर पडू देऊ नये, कारण हवेवाचून वाढणारे जंतू त्याचीच वाट पाहत असतात. आणि वीज? साध्या घरगुती इन्व्हर्टरवर हजार वॉटचे यंत्र चालत नाही. रात्री वीज गेली, किती वेळ गेली हे कळले नाही, आणि सकाळी पाणी कोमट लागले, तर ते मटण टाकून द्यावे. घरात ऐंशी वर्षांचे आजोबा आहेत तेथे हळहळ मटणाची करू नये.

राजम्याविषयीही सांगितलेच पाहिजे, कारण आपण उत्तरेकडे राहून तो आपलासा केला आहे. त्यात एक विषारी प्रथिन असते. ते मंद आचेने नष्ट होत नाही, उलट ८० अंशांच्या आसपास अर्धवट शिजविल्याने ते वाढलेले आढळले आहे. राजमा भिजवून, ते पाणी टाकून, खळखळ उकळून किंवा कुकरमध्येच शिजवावा. या यंत्रात कधीही नाही.

मग हे यंत्र कोणासाठी? ज्या घरी मांस, मासे, अंडी होत नाहीत, त्यांनी ते घेऊ नये. दही आणि गाजराचे तुकडे एवढ्यासाठी ते महाग पडते, आणि डाळ-भाताला कुकरला तोड नाही. ज्या घरी होतात, त्यांनीही फोडणी व भाजणे सोडू नये. खमंगपणा सुमारे १४० अंशांच्या वर येतो आणि पाण्याच्या पिशवीत तो कधीच येणार नाही. कच्चा लसूण पिशवीत कच्चाच राहतो. मटण मिठाहळदीत मंद शिजवावे, वाटण कढईत तेल सुटेपर्यंत परतावे, आणि पिशवीतला रस एक थेंब न सांडता त्या रश्शात ओतावा. अर्धी विद्या नवी आणि अर्धी आजीची, अशी ही भागीदारी आहे.

आणि माझ्या मते, ते सर्वांत जास्त उपयोगी आहे वृद्धांना. आपल्या गल्ल्यांतून आज किती घरे अशी आहेत, की मुले पुण्याला, बंगळूरला, अमेरिकेला, आणि येथे दोन म्हातारी माणसे! गुडघ्यांमुळे ओट्याशी उभे राहवत नाही, कुकरच्या शिट्ट्या मोजण्यात लक्ष राहत नाही, आणि दात नाहीत म्हणून मटण ताटात असूनही नुसत्या रश्शावर जेवण उरकायचे. त्यांच्या ओट्यावर जर हे साधे यंत्र मुकाट्याने दहा तास काम करून जिभेनेच तुटेल असे मटण देणार असेल, तर त्याला 'थेरं' म्हणण्याचा अधिकार मला नाही, आणि पलीकडच्या पक्षालाही नाही.

जयविलास राजवाड्याच्या भोजनगृहातली चांदीची आगगाडी आपण सर्वांनी पाहिली आहे. रुळांवरून मेजाभोवती फिरून ती पाहुण्यांपुढे मद्य आणि चिरूट नेत असे. राजवाड्याला ती शोभत होती. आपल्या घरात मात्र अशा कितीतरी आगगाड्या कपाटावर धूळ खात पडल्या आहेत, आणि त्या चांदीच्याही नाहीत! त्यांत आणखी एकीची भर नको असेल, तर क्रम ध्यानात ठेवावा : आधी थर्मामीटर, मग एक महिना बर्फाची पेटी, आणि मग वाटले तर २३० व्होल्टांचा, हजार वॉटपर्यंतचा, अंगावर बटणे असलेला साधा सर्क्युलेटर. व्हॅक्युम सीलर नको, निराळी पेटी नको. गंज आणि झाकण तर आपल्या घरी पिढ्यान् पिढ्या आहेतच.